दर पावसाळ्यात तीच तक्रार: "तेल लावलं तरी डास चावतातच"

दापोली तालुक्यात आमची थोडी सिट्रोनेलाची, म्हणजे डासांना नकोशा वासाच्या एका गवताची, लागवड आहे आणि तेल काढायची एक छोटी भट्टी. मृगाचा पाऊस होऊन पंधरा दिवस उलटले की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुणीही असो, बोलणं एकच: "ताई, तेल लावलं, तरी डास चावतातच." ज्यांना गेल्या वर्षी समजावून सांगितलं तेही यंदा पुन्हा तेच विचारतात.

त्यांना मी दोष देत नाही. बाटलीवर "डास दूर ठेवते" एवढंच छापलेलं असतं. किती घ्यायचं, कशात मिसळायचं, किती वेळ टिकेल, हे कुणी सांगतच नाही. फोनवर मी ज्या क्रमाने विचारत जाते, त्याच क्रमाने इथे लिहिते.

पण त्याआधी एक. घरात तान्हं बाळ असेल, गरोदर बाई असेल किंवा कुणी नुकतंच डेंग्यू-मलेरियातून उठलं असेल, तर नुसत्या तेलावर विसंबू नका. मच्छरदाणी लावा, दिवसा झोपणाऱ्या बाळालाही लावा. मी स्वतः हे तेल काढते आणि विकते, तरीही पहिलं वाक्य हेच सांगते.

चावतात कधी?

सकाळी आठ-नऊच्या सुमाराला आणि दुपार कलल्यावर घोट्याला, पोटरीला चावत असतील तर तो एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया हाच पसरवतो. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ दिसली तर तो बागेतला, झाडीतला एडिस. वीणेसारख्या दोन बाकदार रेघा दिसल्या तर घरातला. अंधार पडल्यावर कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास बहुधा क्युलेक्स. तो गटारात, शोषखड्ड्यात, सेप्टिक टँकमध्ये वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. भिंतीवर बूड वर करून तिरका बसलेला दिसला तर अॅनोफिलीस, म्हणजे मलेरियाचा.

हे आधी विचारायचं कारण साधं आहे. लोक संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी तेल लावतात, आणि ज्याने त्यांना हैराण केलेलं असतं तो एडिस तोवर दिवसभराचा चावून झालेला असतो. निम्म्या तक्रारी मला वाटतं इथेच सुटतात.

बाटलीत नक्की काय आहे?

गवती चहा म्हणजे सिट्रोनेला नव्हे. दोन्ही एकाच कुळातली गवतं, लांबून सारखीच दिसतात, पण गवती चहाच्या तेलात मुख्यतः सिट्राल असतं आणि सिट्रोनेलाच्या तेलात सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल. गवती चहाचं तेलही डासांना नकोसं वाटतं, फक्त ते त्वचेला जास्त झोंबतं.

निलगिरीचा घोळ याहून मोठा आहे. सर्दीसाठी आपण रुमालावर टाकतो ते निलगिरी तेल सिनिऑल नावाच्या घटकाचं. परदेशी सल्ल्यांमध्ये जिची शिफारस वाचायला मिळते ती लिंबाच्या वासाची निलगिरी, झाडच वेगळं. आणि तिथेही नुसतं ऊर्ध्वपातन केलेलं तेल नव्हे, तर त्यावर प्रक्रिया करून पीएमडी नावाचा घटक वाढवलेला अर्क. तो खरंच काही तास टिकतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या यादीत तो आहे, मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असंही तिथे बजावलेलं आहे. बाटलीवर पीएमडी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तुमच्या हातात सर्दीचं तेल आहे असं समजून चाला.

भेसळ ओळखायला घरच्या घरी एक परीक्षा होते. साध्या कोऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाका आणि कागद रात्रभर पंख्याखाली ठेवा. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं. फार तर फिकट पिवळी खूण राहते, पण कागद तेलकट होत नाही. सकाळी भज्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग दिसला तर त्यात दुसरं कुठलं तरी जड तेल मिसळलेलं आहे. भट्टीतून तेलाबरोबर जे वासाचं पाणी येतं तेही कुणी कुणी "सिट्रोनेला स्प्रे" म्हणून विकतं. वास छान असतो, तेल त्यात जवळजवळ नसतंच. आम्ही ते पाणी फरशी पुसायला वापरतो.

"पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं, मग परत सुरू"

हा बिघाड नाही. या तेलाचा हा स्वभावच आहे, आणि तो भट्टीपाशी उभं राहिलं की लगेच कळतो. टाकीत गवत दाबून भरतो, खालून वाफ सोडतो. थोड्या वेळाने थंड नळीच्या तोंडातून गढूळ पाण्याची धार सुरू होते आणि भांड्यात पाण्यावर पिवळसर तेलाचा थर चढायला लागतो. शंभर किलो ओल्या गवतामागे किलोभराच्या आतबाहेर. पानातून ते वाफेबरोबर निघून येतं, कारण ते उडून जायलाच बसलेलं असतं. तेच तेल पावसाळ्यातल्या गरम, घामट अंगावर लावलं तर तिथूनही उडणारच. वास हवेत आहे तोवर डासाला माणसाचा माग नीट लागत नाही. वास विरला की लागतो.

२००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी छापून आली होती. माणसांचे हात पिंजऱ्यातल्या एडिस डासांसमोर धरून, पहिला डास किती वेळाने चावतो ते मोजलं होतं. सिट्रोनेलाची कुठलीच वस्तू वीस मिनिटांच्या पुढे गेली नाही. २३.८ टक्के डीट, म्हणजे डास पळवणारं कृत्रिम रसायन, असलेलं औषध सरासरी पाच तास टिकलं. मनगटात घालायचे सुगंधी पट्टे तर अजिबात उपयोगी पडले नाहीत. तेल विकणाऱ्या बाईने हे सांगावं का, असं मला एकाने विचारलं होतं. सांगायलाच हवं. वीस मिनिटांच्या भरवशावर कुणी आपलं मूल दिवसभर अंगणात सोडलं तर ते माझ्या मनाला लागेल.

मग त्याचा उपयोग करायचा कसा?

पहिलं म्हणजे प्रमाण. लोक पन्नास मिली खोबरेल तेलात चार थेंब टाकतात. एक मिली म्हणजे साधारण वीस थेंब. म्हणजे ते मिश्रण अर्ध्या टक्क्याचंही झालं नाही, त्याला नुसता वास येतो. मोठ्या माणसांसाठी शंभर मिली खोबरेल तेलात एक लहान चमचा, म्हणजे पाच मिली सिट्रोनेला घ्या. ते झालं पाच टक्के. याहून जास्त घातलं तर फायदा थोडा आणि त्वचेची जळजळ फार. खोबरेल तेलाचं काम इथे मोठं आहे. ते स्वतः उडत नाही, म्हणून सुगंधी तेलालाही थोडं धरून ठेवतं. वर सांगितलेल्या चाचणीत २ टक्के सोयाबीन तेल असलेली वस्तू दीड तासाच्या पुढे टिकली, सिट्रोनेलाच्या कितीतरी पटीने.

दुसरं म्हणजे पुन्हा लावणं. मी शेतात असताना अर्ध्या-पाऊण तासाने परत लावते, आणि घाम पुसला असेल तर त्याच्याही आधी. हे जमणार नसेल तर तेलाचा नाद सोडा आणि औषधाच्या दुकानात मिळणारं डीटचं किंवा डायइथाइल बेंझामाइडचं क्रीम वरच्या सूचना वाचून लावा.

वास टिकवण्यासाठी व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मूळ घटक, मिसळतात हे खरं आहे. थायलंडमध्ये सिट्रोनेला, हळद, सब्जासारखी तुळस यांच्या तेलांत ५ टक्के व्हॅनिलिन मिसळून चाचण्या झाल्या आणि वेळ बराच वाढला. पण केकमध्ये घालायचा व्हॅनिला इसेन्स म्हणजे ते नव्हे. तो बहुतांशी पाणी आणि पातळ करायचा द्रव असतो, तेलात तो मिसळतही नाही.

कडुनिंबाचं तेल मात्र वेगळ्या वर्गातलं आहे. ते बियांतून दाबून काढलेलं, जड, न उडणारं. १९९३ मध्ये आपल्याच देशातल्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंब तेल मिसळून लावलं, तेव्हा अॅनोफिलीस डासांपासून रात्रभर संरक्षण मिळाल्याची नोंद आहे. ती अॅनोफिलीसची गोष्ट आहे. दिवसा चावणाऱ्या एडिसला तोच हिशोब लावू नका. संध्याकाळनंतर अंगणात बसायचं असेल तर मी सिट्रोनेलाच्या मिश्रणात थोडं कडुनिंब घालते. वास उग्र येतो, घरातले कुरकुरतात, पण फरक पडतो.

"रिफिलच्या बाटलीत कडुनिंब तेल आणि कापूर भरला, दोन दिवसांत वात काळी"

सगळ्यात जास्त फोन याचे. कुणी तरी व्हिडिओ पाठवतं: संपलेली रिफिल उघडा, कडुनिंबाचं तेल ओता, कापराच्या वड्या कुस्करून टाका, मशीनला लावा, खर्च वाचवा. मीही एकदा करून पाहिलं. पहिल्या रात्री कापराचा वास आला. दुसऱ्या रात्री वातीचं टोक चिकट झालं, तिसऱ्या रात्री त्यावर डांबरासारखी खपली धरली आणि मशीनच्या जाळीभोवती पिवळट तेलकटपणा जमला. डास होते तेवढेच.

का, ते सांगते. दुकानातल्या रिफिलमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं औषध जेमतेम टक्का-दीड टक्का असतं. बाकी सगळा रॉकेलच्या जातीचा, स्वच्छ उडून जाणारा द्रव. वात तो वर ओढते, मशीन वातीचं टोक शंभर अंशांच्या वर तापवतं आणि तो मागे काही न ठेवता हवेत जातो. कडुनिंबाचं तेल खाद्यतेलासारखं असतं. तितक्या उष्णतेने ते उडत नाही, तापून तापून घट्ट होतं आणि वातीची छिद्रं बुजवतं. ज्या अझाडिराक्टिन नावाच्या घटकामुळे कडुनिंबाचं एवढं नाव आहे ते तर मोठ्या रेणूचं आहे. ते वाफ होऊन खोलीत पसरतच नाही. हवेत जातो तो फक्त कापूर, आणि तोही पहिल्या रात्रीच बराचसा संपतो.

शिवाय कापूर ज्वालाग्राही आहे. रात्रभर प्लगला लावलेल्या, पडद्याशेजारच्या तापत्या मशीनमध्ये तो भरू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. कडुनिंबाचं तेल पाजल्याने तान्ह्या बाळांना उलट्या, गुंगी आणि झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हाताशी येईल अशा बाटलीत हे दोन्ही एकत्र भरून जमिनीलगतच्या सॉकेटला लावणं मला फार धोक्याचं वाटतं. ज्यांनी भरलं असेल त्यांनी ती बाटली आजच काढून टाकावी. मशीनला तेल चिकटलं असेल तर तेही टाकून द्या, पुसून परत वापरू नका.

आता "हर्बल" अगरबत्तीबद्दल. सुगंधी तेलाचा धूर डासांना त्रास देतो, पण पाच मिनिटांत डास पटापट खाली पाडत नाही. एखादी अगरबत्ती तसं करत असेल तर तिच्यात तेलापलीकडे काही तरी आहे. आपल्याकडे घरगुती कीटकनाशकांना १९६८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. तो शोधा. नसेल तर ते पाकीट घरात नको. वनस्पतीत डास मारणारं काहीच नसतं असं मात्र नाही. सरकारी कार्यक्रमात घरात फवारायला वापरतात तो पायरेथ्रम अर्क शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाचाच आहे. तो सुगंधी तेल नव्हे, आणि तो कुंडीत लावून किंवा उकळून घरी मिळत नाही.

कुंडीत सिट्रोनेला किंवा तुळस ठेवल्याने डास जात नाहीत. पान चुरगळल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. आमच्या सिट्रोनेलाच्या शेतातच मला डास चावतात, यापेक्षा मोठा पुरावा काय देऊ.

"पिपात तेल टाकलं, अळ्या जिवंतच"

प्रयोगशाळेत अनेक वनस्पतींची तेलं अळ्या मारतात, हे खरं आहे. पण तिथे पाण्याच्या दहा लाख भागांना पन्नास-शंभर भाग तेल, तेही पाण्यात मिसळून जाईल असं तयार केलेलं असतं. दोनशे लिटरच्या पिपाचा हिशोब केला तर पन्नास भागांनीही दहा मिली तेल होतं. लोक दोन थेंब टाकतात, म्हणजे त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं, आणि ते वर तरंगून दुपारपर्यंत उडून जातं. दहा मिली टाकलं तर ते पाणी भांड्याला, अंघोळीला कशालाच उरत नाही, आणि चार दिवसांनी परत टाकावं लागतं. विहिरीत किंवा हौदात गप्पी मासे सोडलेले असतील तर हा प्रयोग मुळीच नको. अळ्या खाणारे मासेच त्याने मरतील. पीप ओतून, घासून, फडक्याने तोंड बांधून ठेवणं स्वस्त पडतं.

पुरळ, जळजळ

तेल कधीही नुसतं लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा ठिपका लावून एक दिवस थांबा. लवंग आणि दालचिनीचं तेल अंगाला लावूच नका. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे येतात. दोन-तीन वर्षांखालच्या मुलांना यातलं काही नको, मोठ्या मुलांच्याही हाताच्या पंजांना आणि तोंडाला नको. घरात मांजर असेल तर टी ट्रीचं तेल दूर ठेवा, मांजराच्या शरीराला ते पचत नाही.

सगळं बरोबर केलं, तरी चावतात

मग तेलाचा विषय संपला, आता घराभोवती फिरायचं. एडिस जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच. म्हणजे दिवसा चावणारा डास तुमच्याच नाहीतर शेजाऱ्याच्या आवारातला.

आमच्या वाडीतल्या एका काकींचं असंच झालं होतं. प्रमाण बरोबर, तेल शुद्ध, दर अर्ध्या तासाला लावत होत्या, तरी ओटीवर दुपारी बसवेना. "तुझ्या तेलात काय राम नाय गो," म्हणाल्या. मी त्यांच्या मागच्या आगरात गेले. पोफळीखाली विऱ्या, म्हणजे तिच्या पानांची गळलेली रुंद बुडखी, पडलेल्या, पन्हळीसारख्या वळलेल्या, उताण्या. एक उचलून तिरकी केली. ओंजळभर तांबूस पाणी एका टोकाला आलं, आणि त्यात राखाडी अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या. सावली पडताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. काकी चष्मा वर करून बघत राहिल्या. चौदा विऱ्या मोजल्या, नऊमध्ये अळ्या होत्या. शिवाय विहिरीजवळच्या दगडी डोणीत, नारळाच्या करवंट्यांत आणि पडवीतल्या जुन्या टायरमध्येही.

विऱ्या सुकवून सरपणाच्या माळ्यावर टाकल्या, करवंट्या पालथ्या केल्या, टायर छपराखाली घेतला. डोण नुसती उपसून भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर ओल्या दगडाला चिकटवते, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी वर आलं की फुटतात. म्हणून काथ्या घेऊन डोणीचा कडा घासून काढला. न्हाणीच्या सांडपाण्याला उतार दिला आणि संडासाच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधली. तिथून क्युलेक्स येत होते.

पहिला आठवडा काहीच फरक पडला नाही आणि काकी वैतागल्या. हे होणारच. उडणारी मादी दोन-तीन आठवडे जगते, तिला आपण हात लावलेला नसतो. बंद होते ती नवीन भरती. उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर सात दिवसांनी एक फेरी चुकवायची नाही. आरोग्य खातं आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतं ते यासाठीच. काकींनी शनिवार धरला. तीन आठवड्यांनी दुपारी गेले तर त्या ओटीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसल्या होत्या, पायांशी टेबलफॅन लावलेला. वाऱ्यात डासाला धड उडता येत नाही, हे त्यांनी आपलं आपणच शोधलं होतं.

आता फोन करणार असाल तर तीन गोष्टी बघून ठेवा: डास किती वाजता चावतात, तेल किती मिली खोबरेलात किती मिसळलंय, आणि घराभोवतीचं साठलेलं पाणी शेवटचं कधी ओतलं. फ्रीजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्याही त्यात धरा.